लसणाची शीव

मोजणीदारांना माघारी सगळे 'फुटपट्टी' म्हणत आणि ते त्यांना ठाऊक होतं. चौतीस वर्षं त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या. एकदा खुद्द सासऱ्यांच्या अंगणातली दीड हात जागा त्यांनी शेजाऱ्याच्या पदरात टाकली आणि मग त्याच अंगणात बसून जेवून आले. सासूबाईंनी त्या दिवशी मुद्दाम अळणी वाढलं असं बायको अजून सांगते. मोजणीदारांच्या मते जेवण चांगलं झालं होतं.

निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. सकाळी फिरणं, पेपर, दुपारी झोप आणि संध्याकाळी ओढा ओलांडून आक्काकडे चहा. आक्का म्हणजे थोरली बहीण. ती दिली होती ओढ्यापलीकडच्या गावात, म्हणजे चालत गेलं तर माहेरापासून सात-आठ मिनिटांवर. एवढ्या जवळ दिल्यामुळे तिला ना कधी माहेराची आठवण काढून रडता आलं, ना कधी रुसून माहेरी येता आलं. रुसून निघाली तरी सासूबाई अंगणातूनच हाक मारून परत बोलावत.

गावाचा पोटापाण्याचा धंदा लसूण. गड्डी लहान, साल जांभळट, पाकळ्या बारीक आणि सोलायला महाकठीण. पण चव अशी, की आधी जिभेला चटका आणि मागून गोडवा. शिवाय सावलीत टांगून ठेवला तर वर्षभर कोंब येत नाही. गावाचं नाव हेच लसणाचं नाव. बाहेरची माणसं गावाला ओळखत ती लसणामुळेच.

म्हणूनच लसूण उत्पादक संघाचे चेअरमन त्या दिवशी शहरातून परतले ते तापलेल्या तव्यासारखे. चेअरमनांचा आवाज मुळात मोठा. संघाच्या कचेरीत ते बोलले की खालच्या गोदामातले हमाल काम थांबवून ऐकत.

"एवढं मोठं दुकान," ते सांगत होते, "काचेचं दार, आत थंडगार. तिथे जाळीच्या पिशव्यांत लसूण. पांढराशुभ्र, एकेक पाकळी अंगठ्याएवढी. आणि पिशवीवर नाव कुणाचं? आपलं. मी दुकानदाराला विचारलं, हा कुठला? म्हणाला, तिथलाच आहे, साहेब, अस्सल. मी म्हटलं, अहो, मी तिथलाच आहे. तर म्हणतो कसा, मग तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही तर ओळखालच."

कचेरीत हशा पिकला. चेअरमन मात्र हसले नाहीत. त्याच बैठकीत ठरलं की गावाच्या नावाला कायद्याचं संरक्षण मिळवायचं. भौगोलिक मानांकनासाठी अर्ज करायचा, म्हणजे दुसरीकडचा लसूण कुणालाही या नावानं विकता येणार नाही. अर्जाला तीन गोष्टी लागणार होत्या. लसूण इथे कधीपासून पिकतो याचे पुरावे, त्यात वेगळं काय आहे याचं वर्णन, आणि तो नेमका कुठे पिकतो याचा नकाशा.

"नकाशाचं काम काय, घरचंच आहे," असं म्हणून चेअरमनांनी मोजणीदारांकडे पाहिलं. "गावची शीव काढायची आणि आत रंग भरायचा. दोन दिवसांचं काम."

मोजणीदारांनी मान हलवली. तीन वर्षांनी कुणीतरी रेघ मारायला सांगितली होती. त्या दिवशी त्यांनी दुपारची झोप घेतली नाही. माळ्यावरून नकाशांची नळकांडी काढली, पेन्सिलींना टोकं केली आणि जेवणाच्या टेबलावर कागद पसरला. बायकोनं रात्रीचं जेवण स्वयंपाकघरात ओट्यावरच वाढलं.

गावची शीव उत्तरेला टेकडीवरून येते, पश्चिमेला रस्त्याला लागते आणि पूर्वेला ओढ्याच्या मध्यातून जाते. पेन्सिल ओढ्यापर्यंत आली आणि थांबली. ओढ्यापलीकडे आक्काचं शेत होतं.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीच्या वेळेआधीच आक्काकडे गेले. आक्का पडवीत बसून लसणाच्या वेण्या घालत होती. पाच-पाच गड्ड्यांची पात एकमेकींत गुंफायची, ओढून घट्ट करायची, पुढच्या पाच घ्यायच्या. तिच्याभोवती सालींचा थर साचला होता. दाजी, म्हणजे तिचे यजमान, खुर्चीत बसून रेडिओ ऐकत होते. त्यांना कमी ऐकू येई, त्यामुळे रेडिओ सगळ्या आळीला ऐकू जाई.

मोजणीदारांनी आढेवेढे न घेता सांगून टाकलं. "आक्का, नोंदणी झाली की तुम्हाला आपल्या गावाच्या नावानं लसूण विकता येणार नाही. तुमचं शेत शिवेबाहेर पडतं."

आक्कानं वेणी पुरी केली आणि मग विचारलं, "हे लसणाला कळवलंय का?"

"थट्टा करू नको."

"थट्टा नाही रे. लग्नात आईनं ओटीत काय घातलं होतं, आठवतं? बियाण्याच्या लसणाच्या दोन वेण्या. म्हणाली, तिकडचं बियाणं लावू नकोस. माझं सगळं शेत त्या दोन वेण्यांचं आहे. आणि माझंच कशाला, या अंगाची सगळी शेतं. आमच्या सासूबाईही तुमच्याच गावच्या."

"ते खरं. पण शीव ती शीव."

आक्कानं पुढच्या पाच गड्ड्या हातात घेतल्या. मग म्हणाली, "एक सांगते. माझ्यासाठी रेघ वाकवू नकोस. वाकवलीस तर गाव तुला नावं ठेवेल आणि मला चहा गोड लागणार नाही. पण तू आतापर्यंत जमिनी मोजल्यास, त्यांच्या मालकांप्रमाणे. लसूण कधी मोजलास का?"

"लसूण काय मोजायचा?"

"मला काय विचारतोस? मी चौथी शिकलेली. घे, चहा घे."

चहा पिऊन ते निघाले आणि ओढ्यातल्या दगडांवर येऊन उभे राहिले. या काठाला तांबडी, खडे मिसळलेली माती. त्या काठालाही तशीच. ओढा या मातीतून वाट काढून गेला होता इतकंच. या ओढ्यात लहानपणापासून त्यांचे पाय भिजले होते, पण दोन्ही काठांकडे त्यांनी असं कधी पाहिलं नव्हतं. सरकारी कागदावर तिथे रेघ होती आणि त्यांना तेवढं पुरत आलं होतं.

घरी येऊन त्यांनी अर्जाची माहितीपुस्तिका पुन्हा वाचली. त्यात 'गाव' असा शब्दच नव्हता. 'ज्या भूभागामुळे उत्पादनाला विशेष गुण प्राप्त होतो तो भूभाग' असं लिहिलं होतं. हे वाक्य त्यांनी तीनदा वाचलं आणि बायकोला विचारलं, "आपल्याकडे रिकाम्या बरण्या किती आहेत?"

"कशाला?"

"माती भरायची आहे."

पुढचे वीस दिवस फुटपट्टी लोकांना जिथे तिथे खड्डे खणताना दिसले. दोन्ही काठांवर, टेकडीच्या पायथ्याशी, तळ्याच्या खाली, रस्त्याच्या कडेला. हात-दीड हात खोल खणायचं, मूठभर माती घ्यायची, बरणीवर क्रमांक चिकटवायचा, वहीत जागा टिपायची. एकंदर त्रेचाळीस बरण्या झाल्या. घरातल्या सगळ्या बरण्या संपल्यावर बायकोनं शेजारणीकडून मागून आणल्या. काय करतात विचारलं तर ती म्हणे, "निवृत्त झाल्यावर माणसं मातीतच जातात. आमच्या यांनी हातपाय हलतायत तोवरच सुरुवात केलीय."

बरण्या शेती कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेल्या. महिना-दीड महिन्यानं अहवाल आला. मोजणीदारांनी तो टेबलावर ठेवला आणि आकडे एकेक करून नकाशावर मांडले. तांबडी खडेदार माती ओढ्यावर थांबत नव्हती. ओढा ओलांडून, आक्काच्या शेतावरून ती थेट पलीकडच्या डांबरी रस्त्यापर्यंत जात होती. हे पाहून त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं जाणवल्यावर थोडं अवघडल्यासारखंही झालं.

मग त्यांनी खालची बाजू मांडली. गावाच्या आतच, तळ्याखाली, माती बदलत होती. तिथे जुन्या गाळाची काळी चिकण जमीन होती, पाणी धरून ठेवणारी. त्या काळ्या जमिनीत एकच मोठं शेत होतं. चार एकर, सलग, गावातलं सगळ्यात मोठं लसणाचं शेत. चेअरमनांचं.

पेन्सिल हातात धरून ते बराच वेळ बसले. मग रेघ मारली. माती जिथून गेली तिथून ती गेली.

संघाच्या बैठकीत नकाशा टेबलावर उलगडला. चेअरमनांनी चष्मा लावला. बोटानं रेघ चाचपत तळ्यापर्यंत आले. बोट तिथेच थांबलं.

"हे काय?"

"तळ्याखालची जमीन हद्दीत येत नाही," मोजणीदार म्हणाले. "माती वेगळी आहे. अहवाल सोबत जोडलाय."

"म्हणजे गावचा चेअरमन बाहेर आणि तुमची बहीण आत?" आवाज गोदामापर्यंत पोचला असणार, कारण खालची पोती उचलण्याची धडपड थांबली. "वा. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणायचं."

चौतीस वर्षांत मोजणीदारांना असं कुणी म्हटलं नव्हतं. त्यांचे कान लाल झाले. पण ते खाली बसले नाहीत. म्हणाले, "तुमचं टेकडीजवळचं शेत आत आहे. ते पण पाहा."

"ते पाऊण एकर! अहो, लसूण म्हणजे लसूण. मातीनं काय होतं? वरचा कुठला आणि खालचा कुठला, कुणी मला ओळखून दाखवावं. दाखवलं तर मी गप्प बसतो."

"चालेल," मोजणीदार म्हणाले.

चार दिवसांनी कचेरीत टेबलं जोडली गेली. मोजणीदारांनी बारा कागदी पिशव्या आणल्या. प्रत्येकीत तीन गड्ड्या, मुळं छाटलेल्या, पात कापलेली, माती धुतलेली. वर फक्त क्रमांक. कोणता क्रमांक कुठल्या शेतातला ते एका पाकिटात बंद केलं होतं आणि पाकीट सगळ्यांसमोर टेबलावर ठेवलं होतं. ओळखायला बसल्या पाच बायका, जन्मभर लसूण निवडलेल्या. त्यांच्यात सगळ्यात जाणत्या होत्या चेअरमनांच्या घरच्या. चेअरमनांनीच त्यांचं नाव सुचवलं होतं. म्हणजे निकालाला कुणी बोट लावू नये.

बायकांनी गड्ड्या हातात घेऊन वजन अजमावलं, साल चुरगाळून पाहिली, पाकळ्या चिरल्या, वास घेतला, जिभेवर ठेवल्या. अर्ध्या तासानं खोलीत असा दर्प भरला की दोन सभासद खिडकीत जाऊन उभे राहिले. बायका आपापसात एखाद-दुसऱ्या शब्दात बोलत होत्या. हळूहळू टेबलाच्या दोन टोकांना दोन ढीग झाले. एकीकडे आठ पिशव्या, दुसरीकडे चार.

"या आठ एकाच घरच्या," एक म्हातारी म्हणाली.

चेअरमनांच्या घरच्यांनी उरलेल्या चारांतली एक पाकळी सुरीवर धरली. "हे बघा, हा चिरला की सुरीला पाणी सुटतं. वरचा लसूण सुरीला चिकटतो. हा तळ्याखालचा, आमचाच असणार." आणि अगदी सहज, भाजी निवडताना बोलावं तसं, त्या पुढे म्हणाल्या, "म्हणून घरात मी हा वापरत नाही. घरी टेकडीजवळचा ठेवते. हा सगळा बाजारात जातो."

मोजणीदारांनी पाकीट फोडून यादी वाचली. चारही क्रमांक तळ्याखालचे निघाले. आठांमध्ये गावचा लसूण आणि ओढ्यापलीकडचा लसूण असा काही मिसळला होता की कुणालाच वेगळा करता आला नव्हता.

आधी खिडकीतले सभासद हसले, मग बायका, मग गोदामातून वर येऊन दारात उभे राहिलेले हमाल. चेअरमन बायकोकडे बघत होते. "वीस वर्षं मला कोणता लसूण खायला घालतेस तेही मला माहीत नाही," ते म्हणाले आणि सगळ्यांच्या शेवटी तेही हसले. हसण्याचा आवाजही मोठाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मोजणीदारांच्या दारात आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"रेघ पक्की आहे ना?"

"पक्की आहे."

"मग अर्जावर सही मीच करतो. पुढे कुणाशी भांडायची वेळ आली तर तेही मीच करीन, आवाज माझाच मोठा आहे." आणि जरा हळू आवाजात ते म्हणाले, "त्या दिवशी जे बोललो ते मनावर घेऊ नका."

"मनावर घेतलं होतं," मोजणीदार म्हणाले. "आता नाही. चहा घेणार ना?"

मग ते बसले.

भांडायची वेळ आलीच, पण ती भलतीकडून. ओढ्यापलीकडच्या गावात कुरबुर सुरू झाली. आमचा लसूण, आमची जमीन आणि पिशवीवर नाव मात्र तुमच्या गावाचं? आम्ही काय तुमची वाडी आहोत? तिथल्या शाळेच्या व्हरांड्यात सभा भरली. चेअरमन आणि मोजणीदार दोघेही गेले. चेअरमनांनी आल्या आल्या आवाज लावला आणि तापलेल्या मंडळींना आणखी तापवलं.

आक्का मागच्या बाकावर बसली होती. ती उठली तशी तिच्या आळीतली माणसं आपोआप गप्प झाली, कारण आक्का सभेत कधी बोलत नसे.

"मी या गावात आले तेव्हा तुम्ही माझं आडनाव बदललंत," ती म्हणाली. "सासूबाईंना तर आडनाव बदलून पुरलं नाही, मामंजींनी पाळण्यातलं नावही बदललं. आम्ही काही बोललो नाही. लसणाचं मात्र नाव कुणी बदललं नाही. बाजारात गेलात की तुम्ही सगळे काय सांगता? ओढ्याअलीकडचा लसूण असं सांगता का? त्या गावचाच म्हणून सांगता आणि विकता. इतकी वर्षं चोरून वापरलं ते नाव आता उजळ माथ्यानं वापरायला मिळतंय, तर त्याची लाज कसली?"

कुणीतरी म्हणालं, "आक्का माहेरची बाजू घेतेय."

"घेणारच," आक्का म्हणाली. "बियाणं माहेरचं आहे."

दाजींना यातलं निम्मं ऐकू आलं असेल-नसेल, पण बायको बसल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग आणखी काहींनी वाजवल्या. पलीकडच्या गावातून सत्तर उत्पादकांनी त्याच संध्याकाळी संमतीपत्रं भरली. जे भरायला तयार नव्हते ते पुढच्या आठवड्यात आले.

अर्ज गेला. नोंदणी कार्यालयातून एक निरीक्षक बाई पाहणीला आल्या. पायात भक्कम बूट, खांद्याला झोळी, बोलणं मोजकं. त्यांनी दोन दिवस सगळी शेतं पायांखाली घातली, आक्काच्या पडवीत बसून वेणी घालून पाहिली, आणि ती सुटली तेव्हा न लाजता पुन्हा घातली. संघाच्या कचेरीत नकाशा पाहताना त्यांनी तळ्याच्या जागी बोट ठेवलं.

"इथे हद्द आत का वळली आहे?"

"तिथली माती वेगळी आहे," चेअरमन म्हणाले.

"कुणाचं शेत आहे हे?"

"माझं."

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "मी बारा वर्षं हे काम करतेय. अध्यक्षांच्या शेतापाशी हद्दीला बहुतेक ठिकाणी पोट सुटलेलं असतं. आत गेलेलं आज पहिल्यांदा पाहिलं." त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. चेअरमनांनी मान वाकडी करून वाचायचा प्रयत्न केला, पण अक्षर लागलं नाही.

अर्ज राजपत्रात छापून आला आणि हरकतींसाठी मुदत ठेवली गेली. ते महिने चेअरमनांनी पोस्टमनला रोज अडवून काढले. एकही हरकत आली नाही. पुढच्या हंगामात लसूण काढून वाळत घातला होता त्या आठवड्यात नोंदणीचं पत्र आलं. चेअरमनांनी ते कचेरीत इतक्या मोठ्यानं वाचलं की खाली गोदामात वेगळं वाचून दाखवायची गरज उरली नाही. तळ्याखाली त्यांनी त्या वर्षी कांदा लावला होता आणि तो चांगला पोसला होता, हेही त्यांनी त्याच दमात सांगून टाकलं.

मग प्रत्येक उत्पादकाला वेगळं ओळखपत्र यायचं होतं. संघानं ते वाटायचं काम मोजणीदारांना दिलं. घराघरांत जाऊन सही घ्यायची, पत्र द्यायचं. आक्काचं पत्र त्यांनी गठ्ठ्यात खाली ठेवलं, म्हणजे तिथे शेवटी जाता येईल आणि घाई राहणार नाही.

आक्कानं हात धुतले, पदराला पुसले आणि पत्र घेतलं. चष्मा सापडेना म्हणून सुनेला हाक मारली. "वाच गं काय लिहिलंय."

सुनेनं आक्काचं नाव वाचलं, पूर्ण, आडनावासह. मग पुढचा शब्द. "उत्पादक."

"यांचं नाव नाही?" आक्कानं दाजींकडे बोट केलं.

"नाही," मोजणीदार म्हणाले. "अर्जात विचारलं होतं, शेतात लागवड कोण करतं. दाजींनी तुझं नाव लिहून दिलं."

"हे मला बोलले नाहीत."

"काय?" दाजींनी रेडिओ बारीक केला.

"काही नाही," आक्का मोठ्यानं म्हणाली. मग सुनेला म्हणाली, "आजवर जिथे जिथे कागद भरला तिथे यांनी 'गृहिणी' लिहिलं. दवाखान्यात, बँकेत, मतदारयादीत. ते पण खोटं नव्हतं म्हणा." तिनं पत्र पुन्हा हातात घेतलं आणि त्या शब्दावरून बोट फिरवलं. अक्षरं ओळखीची होती, चौथीपर्यंतचं शिक्षण तेवढं पुरत होतं.

"फ्रेम करून लावू का, आत्या?" सुनेनं विचारलं.

"भिंतीवर नको, डाग पडतात. कपाटात ठेव. माझ्या कप्प्यात." ती पुन्हा खाली बसली आणि बियाण्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या गड्ड्या पुढ्यात ओढल्या. मोठ्या एका बाजूला, बारीक दुसऱ्या बाजूला. मोजणीदारांनी बूट काढले आणि तेही तिच्यासमोर बसले.

"कोणत्या घ्यायच्या?" त्यांनी विचारलं.

"मोठ्या नाही," आक्का म्हणाली. "लोक तिथेच चुकतात. मध्यम घे, आणि जिची साल घट्ट आहे ती."

त्यांनी एक उचलून तिला दाखवली. आक्कानं नाही अशी मान हलवली आणि दुसरी शोधायला सांगितलं.